‘हांव पियेना’ म्हणणाऱ्या माणसाशी दारूविषयी खरं बोलणं कसं सुरू करायचं?

म्हादईकाठची
नमस्कार मंडळी. उत्तर गोव्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढच्या महिन्यापासून समुपदेशक म्हणून बसायचं आहे. प्रशिक्षणात प्रश्नावल्या शिकवल्या, पण मुळात माणूस खरं बोलावा यासाठी काय करायचं, ते दोन वाक्यांत उरकलं. केसपेपरवर सर्रास ‘मद्यपान : नाही’ असं लिहिलेलं असतं आणि शेजारी यकृताचा रिपोर्ट वेगळंच सांगत असतो. पेशंट बहुतेक पुरुष, वयाने मोठे. कुणी ट्रकवर, कुणी तारवटी म्हणजे जहाजावरचा खलाशी, कुणी काजूच्या मळ्यात. उलटतपासणी न वाटता हा विषय कसा काढायचा? वाक्यं, क्रम, बसण्याची जागा, जे नेमकं माहीत असेल ते सांगा.

पांगारा
वाक्यांआधी एक गोष्ट तपासा. खरं सांगितल्याने त्या माणसाचं काय नुकसान होणार आहे? नुकसान दिसत असेल तर कितीही गोड बोललात तरी तो ‘नाही’च म्हणणार, आणि ते शहाणपणाचंच असेल. तारवट्याला पुढच्या बोटीच्या मेडिकलची धास्ती असते, ट्रकवाल्याला लायसनची. बायको शेजारी बसली असेल तर घरी गेल्यावर होणाऱ्या भांडणाची. गाव लहान असेल तर तुम्ही कुणाच्या कोण, हेही त्याला ठाऊक असतं. या भीती खऱ्या आहेत. त्या आधी कमी करायच्या, मग प्रश्न विचारायचा.

म्हणून पहिल्या दिवशी स्वतःच्या खोलीत पेशंटच्या खुर्चीवर बसून बघा. दार उघडं राहिलं तर बाकावरच्या लोकांना ऐकू जातं का? टेबलावरचा केसपेपर आत येणाऱ्या शिपायाला वाचता येतो का? पंखा बंद केला की पलीकडच्या ड्रेसिंग रूममधलं बोलणं इकडे येतं का? येत असेल तर इकडचं तिकडे जातंच. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवू नका, टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात ठेवा. म्हणजे हवं तेव्हा नजरेला नजर देता येते आणि नको तेव्हा खिडकीकडे बघता येतं. लाजिरवाणी गोष्ट सांगताना माणसाला कुठे तरी बघायला जागा लागते.

मग गुप्ततेचं वाक्य. ‘सगळं गुप्त राहील’ एवढं मोघम सांगू नका, ते कुणी खरं मानत नाही. कोण वाचणार, कोण नाही, ते नावानिशी सांगा : ‘बाब, तुम्ही इथे जे बोलाल ते मी आणि डॉक्टर, दोघेच वाचणार. तुमच्या घरच्यांना, पंचायतीला, कामावर मी काही सांगणार नाही. एकच अपवाद. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला गप्प बसता येणार नाही, आणि तेही आधी तुम्हांला सांगूनच करीन.’ अपवाद सांगितल्याने लोक बिचकतील असं वाटतं. प्रत्यक्षात मर्यादा सांगितली की बाकीच्या वचनाला वजन येतं. मात्र आधी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारून नोंदी खरोखर कोण कोण बघतं ते पक्कं करा. जे पाळता येणार नाही ते कबूल करू नका.

काणकोणकार
पांगारा यांच्याशी सहमत. आता प्रश्नांचा क्रम.

दारू हा पहिला प्रश्न कधीच नको. ज्या कामासाठी तो आला आहे तिथून सुरुवात करा : पोटात जळजळ, झोप, रक्तदाब. मग जेवण किती वाजता, कामाच्या वेळा, चहा किती वेळा, तंबाखू, आणि मग दारू. तंबाखूनंतर दारू विचारली की ती सवयींच्या रांगेतली एक होते, आरोप राहत नाही. विषय बदलताना परवानगी घ्या : ‘या गोळ्यांवर पिण्याचा परिणाम होतो, म्हणून त्याविषयी दोन प्रश्न विचारले तर चालेल?’ कारण खरं असलं पाहिजे. जळजळ आणि रक्तदाबाच्या औषधांबाबत ते खरंच असतं.

‘दारू पिता का?’ हा प्रश्न बाद. त्याला हो-नाही एवढीच उत्तरं आहेत आणि ‘नाही’ फुकट मिळतं. त्याऐवजी, ‘कामावरून आल्यावर संध्याकाळी काय घेता? चहा, सोडा, बियर, फेणी?’ कोकणीत बोलत असाल तर ‘सांजे वेळार कितें घेतात?’ एवढंच पुरे. न पिणारा माणूस ‘चहा’ म्हणून मोकळा होतो, त्याचा अपमान होत नाही. गळ्यात माळ घातलेल्या वारकऱ्याला थेट ‘फेणी किती घेता?’ विचारलंत तर तो पुन्हा तुमच्या खोलीत पाऊल टाकणार नाही.

प्रमाण विचारताना मोठ्या आकड्यापासून खाली या : ‘एका बैठकीला बाटली संपते, की अर्धी, की त्याहून कमी?’ अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ शॉन शी यांनी मुलाखतीच्या अशा पद्धती नीट मांडल्या आहेत. आकडा वरून सुरू केला की पाव बाटली सांगणाऱ्याला आपण फार नाही असं वाटतं आणि तो खरा आकडा देतो. खालून, ‘एखादा पेग घेता का’ असं सुरू केलंत तर तो एका पेगावरच थांबतो. एक काळजी घ्या. सुरुवातीचा आकडा शक्यतेतला ठेवा. रोज तीन बाटल्या विचारल्यात तर ती थट्टा वाटते.

आणि ‘महिन्यात किती?’ असं सरसकट विचारू नका. श्रावणात आणि चवथीच्या दिवसांत कितीतरी हिंदू घरांत बाटली उघडत नाही, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत कितीतरी ख्रिस्ती लोक सोडतात. मार्च ते मे हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची हंगामी दारू, असते तेव्हा चित्र उलटं. ऑगस्टमध्ये विचारलेलं ‘गेल्या महिन्यात’ खरं असूनही दिशाभूल करतं. भिंतीवरचं कॅलेंडर हातात घ्या आणि मागे मागे चला : पगाराचा शनिवार, गावची जत्रा, चर्चचं फेस्त, लग्न, जूनमधला सांजांवचा सण. खुणेला धरून आठवायला सांगितलं की माणसाला लपवण्यापेक्षा आठवण्यातच जास्त मेहनत पडते, आणि उत्तर आपोआप नेमकं येतं.

आगशीबांध
प्रमाणावर थोडं थांबायला हवं, कारण इथे प्रामाणिक उत्तरसुद्धा चुकीचं नोंदलं जातं.

पिण्यातला धोका जोखणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑडिट प्रश्नावलीत, दहा प्रश्न आणि ० ते ४० गुण, एक ‘ड्रिंक’ म्हणजे शुद्ध अल्कोहोल १० ग्रॅम. हिशेब असा : मिली गुणिले टक्केवारी भागिले १०० गुणिले ०.७८९. बाटलीबंद फेणी, रम, व्हिस्की ४२.८ टक्क्यांची धरली तर

३० मिलीचा लहान पेग : १० ग्रॅम, १ ड्रिंक
६० मिलीचा मोठा पेग : २० ग्रॅम, २ ड्रिंक
९० मिलीची लहान बाटली : ३० ग्रॅम, ३ ड्रिंक
१८० मिलीची क्वार्टर : ६१ ग्रॅम, ६ ड्रिंक
६५० मिली बियर, ५ टक्के : २६ ग्रॅम, अडीच ड्रिंक
तीच बाटली ८ टक्क्यांची स्ट्राँग : ४१ ग्रॅम, ४ ड्रिंक
हुर्राक १५ टक्के धरून २०० मिलीचा ग्लास : २४ ग्रॅम, जवळजवळ अडीच ड्रिंक

हुर्राक ‘हलकी’ म्हणून मोजलीच जात नाही. लिंबू आणि लिमका घालून तीन ग्लास झाले की क्वार्टरच्या पुढे गेलं. घरगुती फेणीची टक्केवारी सांगता येत नाही, तिथे नोंदीत ‘घरची’ असं लिहा.

आता चूक कुठे होते बघा. एकजण रोज ‘तीन पेग’ सांगतो. तुम्ही ३ ड्रिंक लिहिता. पहिल्या प्रश्नाला, म्हणजे किती वेळा पिता, ४ गुण, दुसऱ्याला, म्हणजे एका दिवशी किती ड्रिंक, १, तिसऱ्याला, म्हणजे सहा किंवा अधिक ड्रिंक किती वेळा, ० गुण. बेरीज ५. धोका जिथून धरतात त्या आठच्या खाली, म्हणून घरी पाठवला. पण त्याचे पेग ६० मिलीचे होते, म्हणजे रोज क्वार्टर, ६ ड्रिंक. गुण ४, २ आणि ४. पहिल्या तीन प्रश्नांतच १०. माणूस एक अक्षर खोटं बोलला नव्हता. म्हणून टेबलाच्या खणात एक स्टीलचा पेला, एक काचेचा ग्लास आणि रिकामी क्वार्टर ठेवा. ‘ग्लासात पाण्याने दाखवा’ म्हटलं की तो नेहमीसारखं ओततो. ते मापाच्या नळीत घालून मोजा, त्याच्यासमोरच.

दर्यावेळ
मला वाटतं तुम्ही फार लांबचा रस्ता घेता आहात. माणूस चुकीची माहिती ऐकली की दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही, हे हेरगिरीपासून विक्रीपर्यंत सगळीकडे वापरतात. ‘तुमची बायको म्हणाली तुम्ही रोज बाटली घेता’ असं मुद्दाम वाढवून टाकायचं. तो उसळून म्हणतो, ‘बाटली कोण घेतो? अर्धी घेतो.’ झालं काम. शिवाय डोळे चुकवतो, नाकाला हात लावतो यावरूनही कळतंच.

पांगारा
दर्यावेळ, नको. तीन कारणं.

पहिलं, बायको तसं म्हणाली नव्हती. तो घरी जाऊन तिला विचारणार, कदाचित हात उगारून विचारणार. तुमच्या एका वाक्याची किंमत तिने मोजायची.

दुसरं, लोक चूक दुरुस्त करतात हे खरं, पण तुम्ही मुद्दाम चूक केलीत हे कळल्यावर ते पुन्हा तोंड उघडत नाहीत. हेराला माणूस एकदाच हवा असतो. आरोग्य केंद्रात तोच माणूस पुढची कितीतरी वर्षं रक्तदाबाच्या गोळ्यांना येणार आहे, आणि त्याचा भाऊ, शेजारी, पिण्यातले भिडू असे सगळेच येणार आहेत. काणकोणकारांनी सांगितलेला वरचा आकडा हा प्रश्न आहे, त्यात खोटं काही नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. जी युक्ती नंतर पेशंटला उलगडून सांगता येते ती वापरावी. जी सांगितली तर तो दुखावेल ती वापरू नये.

तिसरं, डोळे आणि नाक. खोटं ओळखण्यावरच्या शेकडो प्रयोगांचा एकत्र आढावा बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये घेतला. नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के बरोबर ठरले. नाणं उडवलं तर ५०. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर, डॉक्टरांसमोर नजर खाली ठेवणं ही अदब आहे. तिला खोटेपणा समजलात तर सगळ्यात सभ्य माणसावर पहिला संशय घ्याल.

पोलिसांच्या कामातसुद्धा दिशा बदलली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कबुली काढण्याची पद्धत सोडून मोकळं कथन ऐकण्याची पद्धत आणली, कारण दबावाखालच्या कबुल्या खोट्या निघाल्या आणि निरपराध माणसं तुरुंगात गेली होती. दबावाने बोलणं मिळतं. ते खरं असेलच असं नाही.

दवणा
आता तो बोलू लागल्यावर काय करायचं, यावर. माझ्या मते खरी कसोटी इथेच लागते, कारण बहुतेक संभाषणं पहिल्या खऱ्या वाक्यानंतर आपणच मोडतो. त्याने ‘रोज क्वार्टर होते’ म्हटलं की आपल्या तोंडून लगेच ‘अहो, एवढी? यकृत जाईल’ निघतं. त्याने सत्य सांगितलं आणि त्याबदल्यात त्याला ओरडा मिळाला. पुढच्या वेळी तो निम्माच आकडा सांगणार.

त्या क्षणी तीन गोष्टी, याच क्रमाने. चेहरा तसाच ठेवा, पेन उचलू नका, आणि म्हणा, ‘नेमकं सांगितलंत, त्यामुळे औषध बरोबर देता येईल.’ शाबासकी प्रामाणिकपणाला द्या, पिण्याला नव्हे.

मग थांबा. मेरी बड रो यांनी वर्गांत मोजलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ती थांब तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. समुपदेशनाच्या खोलीतही हेच होतं. मनात ‘एक, दोन, तीन, चार’ मोजा. पहिलं उत्तर शिष्टाचाराचं असतं, शांततेनंतर येणारं दुसरं कामाचं. मात्र आठ-दहा सेकंदांच्या पुढे ताणू नका, तिथून ती शिक्षा वाटायला लागते.

त्यानंतर प्रश्नाऐवजी त्याचंच म्हणणं त्याला परत द्या. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या संदर्भातच मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवलेल्या ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ पद्धतीचा हा गाभा आहे. नमुना :

तो : ‘सगळेच घेतात. मी एकटा नाही.’
तुम्ही : ‘तुमच्याकडेच बोट दाखवतात, असं वाटतं.’
तो : ‘तर काय! घरात शिरलो की सुरू. सकाळी गाडी नीट चालवतो ना मी. म्हणजे, हात थोडा थरथरतो, तेवढंच.’
तुम्ही : ‘हात थरथरतो.’

एवढंच. वाक्याच्या शेवटी आवाज खाली न्या. वर नेलात तर तो प्रश्न होतो आणि प्रश्नाला माणूस बचाव करतो. ‘थरथरतो का? का बरं? किती दिवस?’ अशी सरबत्ती लावली की तो परत केसपेपरवरचा पेशंट होतो. एका प्रश्नामागे दोन प्रतिसाद, असं प्रमाण धरा.

दोन्ही बाजू एकत्र ठेवायच्या असतील तर बदलाची बाजू शेवटी आणा : ‘दिवसभर गाडी हाकल्यावर संध्याकाळी घेतलं की अंग सैल होतं, आणि सकाळी स्टेअरिंगवर हाताची धास्ती वाटते.’ माणूस शेवटच्या तुकड्यालाच उत्तर देतो.

बदलाची तयारी विचारताना ० ते १० ची पट्टी वापरा. ‘कमी करणं किती महत्त्वाचं वाटतं?’ तो ‘चार’ म्हणाला तर ‘चारच का, आठ का नाही?’ असं विचारू नका, त्याला न बदलण्याची कारणं द्यावी लागतील. ‘चार का, एक का नाही?’ विचारा. मग तो स्वतःच मुलीच्या लग्नाचं, तब्येतीचं, पैशाचं बोलतो. शून्य म्हणाला तर वाद नको. ‘आज हा विषय नको तर नको. दार उघडं आहे’ म्हणा आणि रक्तदाबावर या.

म्हादईकाठची
हे मोलाचं आहे. दोन अडचणी. बायको किंवा आई सोबत येते आणि तीच बोलते. आणि मी वयाने लहान, बाई. ‘तू काय मला शिकवणार’ हा भाव असतो.

काणकोणकार
सोबत आलेल्यांना पहिली पाच मिनिटं आत राहू द्या, त्यांची काळजी ऐका, मग ‘प्रत्येक पेशंटशी मी थोडा वेळ एकट्याने बोलते, आमच्याकडे तशी पद्धतच आहे’ असं सांगून बाहेर बसवा. आणि खरंच प्रत्येकाच्या बाबतीत करा, नाही तर ज्याला एकटं बसवलं तो बेवडा असं बाकावर ठरतं. बायकोकडून कळलेलं त्याच्या तोंडावर फेकू नका. तिच्याशीही वेगळं बोला, आणि मारहाणीविषयी नवऱ्यासमोर कधीही विचारू नका. गरज वाटली तर तिला १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ द्या. नंबर तोंडी पाठ करून घ्या, कागद घरी सापडतो.

वयाचं म्हणाल तर ते नाकारू नका. ‘काका, तुमच्या कामातलं मला काही कळत नाही. गाडीवरचा दिवस कसा असतो ते तुम्हीच सांगा’, हे खरंच आहे आणि त्याला जाणकाराची जागा देतं. ‘बाब’, ‘काका’, ख्रिस्ती वस्तीत ‘अंकल’, जे त्या वाड्यावर चालतं ते. बोली त्याची घ्या. तो कोकणीत उत्तर देत असेल तर मराठीचा हट्ट नको.

समुपदेशकाकडे मोठी पदवी लागते असंही नाही. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या संगात या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. ऑडिट गुण १२ ते १९ असलेले ३७७ पुरुष होते आणि समुपदेशक व्यावसायिक पात्रता नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक. तीन महिन्यांनी धोक्याच्या पिण्यातून बाहेर आलेले ३६ टक्के होते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २६ टक्के. संभाषण एक ते चार बैठकांचं होतं.

आगशीबांध
एक गंभीर गोष्ट राहिली. खरं बोलणं सुरू झालं की कधी कधी जे कळतं ते तुमच्या खोलीत हाताळण्यासारखं नसतं. सकाळी उठल्याउठल्या घेतल्याशिवाय हात थांबत नाहीत, घाम येतो, मागे कधी सोडताना झटका आला किंवा भास झाले, असं तो म्हणाला तर त्याला ‘आजपासून बंद करा’ असं कधीही सांगू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, प्रचंड घाम अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. शहाणपणाने, देवाला बोलून, एकदम सोडणारे लोक असेच दगावतात. श्रावण सुरू होण्याआधीच्या आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या सुमाराला हे मुद्दाम विचारा : ‘मागच्या वर्षी सोडलं तेव्हा पहिले तीन दिवस कसे गेले?’

अशांना त्याच दिवशी डॉक्टरांपुढे न्या. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत किंवा गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवायचं ते डॉक्टर ठरवतील. ऑडिटचे गुण २० किंवा पुढे गेले तरीही तेच. पाठवताना ‘तिकडे जा’ म्हणून चिठ्ठी देऊ नका. कोणत्या ओपीडीत, कुठल्या दिवशी, कोणती बस, सोबत कोण, हे बसून ठरवा. रात्री-अपरात्री बोलायला टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

दर्यावेळ
बायकोचं नाव वापरण्याचा मुद्दा पटला, मागे घेतो. पण रिपोर्टचं काय? यकृताचे आकडे समोर असताना तो ‘पियेना’ म्हणतो, तेव्हा कागद दाखवायचा नाही?

दवणा
दाखवायचा, पण पुरावा म्हणून नाही. जीजीटी हा यकृताच्या तपासणीतला आकडा वाढायला दारूशिवाय यकृतातली चरबी, काही औषधं, पित्तनलिकेचे आजार अशी बरीच कारणं असतात, त्यामुळे ‘हे बघा, पकडलं’ हे वैद्यकीयदृष्ट्याही चूक. आधी विचारा, ‘या तपासणीविषयी तुम्हांला काय माहीत आहे?’ मग सांगा, ‘हा आकडा ६० च्या आत असावा असं इथे छापलंय, तुमचा १८० आहे. कारणं चार-पाच असू शकतात, पिणं त्यांतलं एक.’ मग पुन्हा विचारा, ‘तुम्हांला यातलं कुठलं लागू पडेल असं वाटतं?’ आणि थांबा. बहुतेक वेळा तो स्वतःच बोट ठेवतो. नाही ठेवलं तर महिन्याने पुन्हा तपासणी ठरवा आणि दर तारखेला त्याच आवाजात, त्याच जागी विचारा.

पांगारा
नोंद कशी करायची ते सांगून थांबतो. ‘पेशंट खोटं बोलत आहे’, ‘सवयीचा दारुडा’ असलं काही केसपेपरवर येता कामा नये. त्याचं वाक्य जसंच्या तसं, मोजलेलं माप, दिवस : ‘शनिवारी व रविवारी घरची, पेला भरून, मोजून १४० मिली; इतर दिवशी नाही म्हणतात.’ लिहून झालं की कागद त्याच्याकडे वळवा आणि वाचून दाखवा : ‘बरोबर लिहिलंय ना?’ कितीतरी जण याच वेळी म्हणतात, ‘शुक्रवारचंही लिहा.’